झोपडीची वही

सरकारी नोकरीत वीस-बावीस वर्षे काढलेल्या माणसाने किती विश्रामगृहांत रात्री घालविल्या असतील, याचा हिशेब त्याचा त्यालाही देता यावयाचा नाही. फिरती हा आमच्या आयुष्याचा भागच होय. या साऱ्या विश्रामगृहांत एक गोष्ट समान असते, आणि ती म्हणजे टेबलावरची नोंदवही. नाव, हुद्दा, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, आणि अखेरच्या रुंद रकान्यात शेरा. या शेवटच्या रकान्यात मी आजवर पुष्कळ लिहिले आहे. ‘आंघोळीस पाणी वेळेवर मिळाले नाही.’ ‘मच्छरदाणी फाटकी आहे.’ ‘खानसाम्याने अधिक तत्परता दाखवावी.’ असा शेरा लिहून खाली सही ठोकली की आपण एक सार्वजनिक कर्तव्य पार पाडले, असे समाधान मला वाटत असे.

हे समाधान माझ्यापासून हिरावून घेणारी एक वही काही वर्षांपूर्वी माझ्या हाती पडली. ती कोणत्याही विश्रामगृहातील नव्हती. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर, कड्याच्या टोकाशी बसलेल्या एका लाकडी झोपडीत ती होती. तिची हकीकत आज सांगावयाची आहे.

माझा एक भाचा नोकरीनिमित्त त्या देशात स्थायिक झाला आहे. रजा घेऊन मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याने माझ्यासाठी डोंगरी सायकलीवरून चार दिवसांची एक वाट ठरवून ठेवली होती. मी म्हटले, “अरे, मी सायकल चालवितो ती सकाळी, गावच्या सपाट रस्त्यावर. मला डोंगरात कशाला नेतोस?” तो हसून म्हणाला, “मामा, चढावर सायकल ढकलायला कोणी हरकत घेत नाही.” ही परवानगी मी पुढे मनसोक्त वापरली, हे आधीच कबूल करून टाकतो.

या वाटेचे नाव ‘ओल्ड घोस्ट रोड’, म्हणजे जुना भुताटकीचा रस्ता. नाव ऐकून वाटते तशी भुते तेथे नाहीत. रस्ता स्वतःच भूत होता. १८६० नंतरच्या काळात लायल या ठिकाणी सोने सापडले आणि अरण्यात गाव उभे राहिले. हॉटेले आली, दुकाने आली, स्वतःचे वर्तमानपत्रही निघाले. पलीकडे मोकिहिनुई नदीच्या खोऱ्यातही सोन्याचा शोध चालू होता. दोन्हींना जोडणारा गाडीरस्ता करावा म्हणून दोन्ही बाजूंनी खोदकाम सुरू झाले. पण सोने संपले, माणसे पांगली, आणि रस्त्याची दोन टोके एकमेकांना कधी भेटलीच नाहीत. आज लायल येथे गाव नाही. झाडीत एक जुने कबरस्तान तेवढे आहे. अशा रीतीने शंभर-सव्वाशे वर्षे लोटल्यावर त्या भागातील काही रहिवाशांनी एका जुन्या नकाशावर हा अर्धवट रस्ता आखलेला पाहिला आणि तो पुरा करण्याचे मनावर घेतले. सरकारने पैशाची मदत केली. पण कुदळ-फावडे घेऊन राबणाऱ्यांत स्वयंसेवकांचा वाटा मोठा होता. २०१५ साली ८५ किलोमीटरांची ही वाट पुरी झाली. पायी चालणारे आणि सायकलस्वार दोघेही ती वापरतात, आणि मुक्कामासाठी तिच्यावर टप्प्याटप्प्याने झोपड्या आहेत.

‘झोपडी’ या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे कुडाच्या भिंती येतात. येथील झोपडी म्हणजे लाकडाचे साधे, भक्कम घर. आत एकावर एक रचलेले फळ्यांचे बिछाने व त्यांवर गाद्या, एक लांब टेबल, स्वयंपाकाची काही भांडी व शेगडी, आणि मधोमध लोखंडी चूल. पाणी छपरावरून टाकीत साठलेल्या पावसाचे. शौचकूप बाहेर, थोडे अंतर राखून. पांघरूण आणि अन्न ज्याचे त्याने आणावयाचे, आणि कचरा ज्याचा त्याने परत न्यावयाचा. जागा आधी राखून ठेवावी लागते. परंतु पोहोचल्यावर स्वागताला कोणी नसते. खानसामा नाही, चौकीदार नाही, घंटा वाजविली तर ती ऐकणारे डोंगरच.

हा प्रकार त्या देशात नवा नाही. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या वसाहतवाल्यांनी शिकारीच्या हौसेपोटी तेथे तांबडी हरणे आणून सोडली. ती बेसुमार वाढली आणि अरण्ये खाऊ लागली. तेव्हा १९३० पासून सरकारने पगारी शिकारी नेमून हरणे मारण्यास सुरुवात केली. १९५६ साली हे काम वनखात्याकडे आले, आणि पुढील वर्षांत शिकाऱ्यांच्या निवाऱ्यासाठी रानोमाळ शेकडो झोपड्या उभ्या राहिल्या. पुढे हेलिकॉप्टरातून शिकार होऊ लागली आणि शिकाऱ्यांची पायपीट थांबली. पण झोपड्या राहिल्या. १९८७ साली निसर्गसंरक्षण खाते स्थापन झाले, तेव्हा त्या त्याच्या ताब्यात आल्या. आज या खात्याच्या झोपड्यांची संख्या ९०० च्या वर आहे. आमच्या वाटेवरील मोठ्या झोपड्या अगदी अलीकडच्या. परंतु त्यांत राहण्याची रीत त्या जुन्या शिकारी झोपड्यांचीच.

पहिल्या दिवशी आम्ही १८ किलोमीटर चढून लायल खिंडीजवळच्या झोपडीत मुक्काम केला. वाट शेवाळाने मढलेल्या बीच वृक्षांच्या अरण्यातून जाते. १९२९ च्या मर्चिसन भूकंपाने आणि १९६८ च्या इनांगाहुआ भूकंपाने या मुलखातील डोंगर जागोजाग खचले. त्यांचे व्रण अजून दिसतात. संध्याकाळी वेका नावाचा एक तपकिरी पक्षी अंगणात आला. तो कोंबडीएवढा असतो, उडत नाही, आणि चोरी मात्र सफाईने करतो. माझा एक पायमोजा त्याने डोळ्यांदेखत लांबविला. शेऱ्याच्या रकान्यात तक्रार करावी असा हा पहिला प्रसंग. पण ती करावी कोणाविरुद्ध?

दुसऱ्या दिवसाची मजल अवघी १२ किलोमीटरांची; म्हणून मी निश्चिंत होतो. पण झाडी संपून वाट उघड्या शिखररांगेवर आली, आणि तासाभरात पश्चिमेच्या समुद्रावरून ढग चढून आले. त्या किनाऱ्याचा पाऊस मी कोकणातल्या पावसासारखाच समजत होतो. कोकणचा पाऊस माणसाला भिजवितो; हा पाऊस भिजवून वाऱ्याच्या हवाली करतो. सायकलीवर बसणे अशक्य झाले. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला धुके. धुक्याखाली किती खोली आहे हे दिसत नव्हते, हाच काय तो दिलासा. हातांची बोटे ब्रेकवर वळेनात. थोड्या वेळाने माझे कुडकुडणे थांबले आणि मला उगीचच बसावेसे वाटू लागले. भाच्याने ते ओळखले. “मामा, बसू नका. बोलत राहा,” असे म्हणत त्याने माझी सायकल आपल्या हाती घेतली आणि मला पुढे घातले. थंडीने शरीर हार मानू लागले की प्रथम कुडकुडणे थांबते, हे त्याने मला नंतर सांगितले.

घोस्ट लेकची झोपडी धुक्यातून अगदी समोर येईपर्यंत दिसली नाही. आत कोणीही नव्हते. चूल थंड होती. पण चुलीपाशी एका खोक्यात बोटभर जाडीच्या कोरड्या ढलप्या, त्यांच्यावर मनगटाएवढ्या काटक्या, आणि शेजारी फोडलेल्या लाकडांची नीट रचलेली चवड होती. चुलीत कोणीतरी कागद आणि ढलप्या रचूनही ठेविल्या होत्या. काडी ओढण्याचे काम तेवढे बाकी होते. माझ्या हातून तीन काड्या मोडल्या. चौथी भाच्याने ओढली. लाकूड फोडण्याची पाळी आली असती, तर त्या बोटांनी मला कुऱ्हाड उचलता आली नसती. दहा मिनिटांत जाळ झाला. अर्ध्या तासाने मला पुन्हा कुडकुडावयास लागले, आणि भाच्याच्या चेहऱ्यावर प्रथमच हसू दिसले.

रात्री आणखी चार-पाच जण येऊन पोहोचले. सारे अनोळखी, कोणी सुतारकाम करणारा, कोणी रुग्णालयातील परिचारिका. माझा हुद्दा कोणी विचारला नाही. चहात दूध किती हवे तेवढे विचारले. सगळ्यांचे ओले कपडे एकाच दोरीवर वाळले, आणि सगळ्यांच्या घोरण्यात मीही यथाशक्ती भर घातली.

सकाळी आकाश स्वच्छ होते. त्या दिवशीची मजल ३८ किलोमीटरांची, आणि आरंभीच सुमारे ३०० लाकडी पायऱ्या सायकल खांद्यावर घेऊन उतरावयाच्या. मी लवकर तयार होऊन बाहेर उभा राहिलो. पाहतो तो भाचा झाडू मारीत होता. झाडून झाल्यावर तो कुऱ्हाड घेऊन लाकडे फोडू लागला. मी जरा त्रासिकपणे म्हणालो, “अरे, आपण येथले भाडे भरले आहे. उशीर कशाला करतोस?” तो हात न थांबविता म्हणाला, “मामा, भाडे झोपडीचे भरले. कालच्या ढलप्यांचे कोणाला देणार?”

मी काही बोललो नाही. आत जाऊन टेबलावरची वही उघडली. येथेही रकाने होते: नाव, तारीख, किती माणसे, कोठून आलो, कोठे जाणार, हवा कशी, आणि शेवटी शेरा. अशा वह्या डोंगरातील झोपड्यांतून ठेवलेल्या असतात. वाटसरू हरवला तर शोध घेणारी मंडळी याच वह्या पाहून तो शेवटी कोठे होता आणि कोणत्या दिशेने गेला, हे ठरवितात. म्हणजे ही वही तपासणी-अधिकाऱ्यासाठी नव्हे, तर येणाऱ्या अनोळखी माणसासाठी लिहावयाची असते. आदल्या दिवशी सकाळी गेलेल्या माणसाची नोंद मी शोधली. दोघे जण होते, आमच्याच दिशेने पुढे गेलेले. शेऱ्याच्या रकान्यात एवढेच होते: दुपारनंतर पाऊस येईलसे वाटते, चूल रचून ठेविली आहे. ते दोघे कोण, हे मला आजतागायत ठाऊक नाही. त्यांनाही माझे नाव कधी कळणार नाही.

त्या ओळीपुढे मला माझे स्वतःचे शेरे आठवले. वीस वर्षांत मी त्या रकान्यात जे काही लिहिले, ते मला काय मिळाले नाही याविषयी होते. माझ्यामागून येणाऱ्यासाठी मी एक ओळही लिहिली नव्हती, मग काडी कोठली? मी बाहेर आलो आणि भाच्याच्या हातची कुऱ्हाड घेतली. माझ्या ढलप्या काही बोटभर जाडीच्या झाल्या नाहीत. पण त्या पेटल्या असाव्यात, अशी आशा करतो.

वाटसरूला निवारा देण्याची कल्पना आपल्याला परकी आहे असे मुळीच नव्हे. अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत यात्रेकरूंसाठी केलेल्या सोयी सर्वश्रुत आहेत. राजगडावर पद्मावतीच्या देवळात गडप्रेमी मुक्काम करीत असत, आणि त्यांच्यातले कितीतरी जण तेथील कचरा पोत्यात भरून खाली आणीत. विचार करता मला असे वाटते की, निवाऱ्याचे तीन प्रकार आहेत. धर्मशाळा दात्याच्या पुण्याईवर उभी असते. विश्रामगृह नोकराच्या कष्टावर उभे असते. आणि ही डोंगरातील झोपडी आधी येऊन गेलेल्या माणसाच्या वर्तनावर उभी असते. दाता गेला की धर्मशाळा पडते, नोकर रजेवर गेला की विश्रामगृह अडते. पण तिसऱ्या प्रकारात प्रत्येक पाहुणा थोडा थोडा यजमान असतो.

तेथील माणसे जन्मतःच अधिक सज्जन असतात, असे माझे म्हणणे नाही. तेथेही झोपड्यांची नासधूस करणारे आणि फुकट राहून जाणारे निघतातच. परंतु कुऱ्हाड, झाडू आणि वही या तीन वस्तू डोळ्यांसमोर ठेविल्या, आणि चौथा कोणी काम करावयास ठेविला नाही, तर सामान्य माणूससुद्धा बहुधा बरा वागतो. आपण मात्र चांगुलपणाला वाव ठेवण्यापूर्वीच त्याच्या जागी शिपाई नेमून मोकळे होतो, आणि मग नागरिक बेजबाबदार आहेत असा शेरा मारतो.

तिसऱ्या रात्री आम्ही मोकिहिनुई नदीवरच्या स्पेसिमेन पॉइंट येथील झोपडीत राहिलो. या नदीवर मोठे धरण बांधण्याची योजना होती. २०१२ साली ती सोडून देण्यात आली, म्हणून ती घळ आणि तिच्या कडेची वाट पाण्याबाहेर राहिली आहे. तेथे चावऱ्या माश्यांनी आमचा समाचार घेतला. वहीत मी लिहिले: ‘दोघे जण, सेडनव्हिलकडे, हवा उत्तम. ढलप्या खोक्यात आहेत. जरा जाड आहेत, क्षमा असावी.’ दुसऱ्या दिवशी सेडनव्हिलला वाट संपली.

परत आल्यावर पहिल्याच फिरतीत एका विश्रामगृहात उतरलो. रात्री ओसरीवरचा दिवा गेलेला दिसला. सवयीने वही ओढली, लेखणी उघडली, आणि थांबलो. सकाळी बाजारातून एक दिवा आणविला आणि स्टुलावर चढून स्वतः बसविला. चौकीदार बिचारा खाली उभा राहून पुनःपुन्हा म्हणत होता, “साहेब, चूक झाली; पण वहीत लिहू नका.” त्याची समजूत घालण्यास मला बराच वेळ लागला. शेवटी त्याच्यादेखत मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिले, ‘ओसरीवरचा दिवा चालू आहे,’ आणि त्याला वाचून दाखविले. तेव्हा कोठे तो हसला.