ऊन पाणी आणि सरकारी तिजोरी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात केलेले भाषण)



थंड देशांत घरे उबदार राहावीत म्हणून सरकार पैसा खर्च करते. अमेरिकेत 1976 पासून गरिबांच्या घरांच्या फटी बुजवून देण्याची योजना आहे; 1981 पासून तापवणीच्या बिलासाठीही साहाय्य मिळते. पहिला खर्च घर सुधारतो, दुसरा केवळ बिल भरतो. हा भेद आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

आपल्या बंगळुरात खोल्या तापवाव्या लागत नाहीत. परंतु समुद्रसपाटीपासून 900 मीटरांहून उंच वसलेल्या या गावी अभ्यंगस्नानालाच काय, आषाढाच्या झडीतही ऊन पाणी लागतेच. शंभर लिटर पाणी 22 अंशांवरून 60 अंशांवर न्यावयाचे, तर सुमारे साडेचार युनिटे वीज खर्ची पडते. महिन्याची झाली 135. तांब्याच्या बंबाला लाकूडफाटा किती लागे, हे आमच्या आज्या जाणत. गीझर किती खातो, ते आम्हांला बिल आल्यावर कळते!

येथील भारतीय विज्ञान संस्थेत 1974 साली ग्रामीण तंत्रज्ञानासाठी 'अस्त्र' हे केंद्र उभारणारे प्रा. अमूल्य रेड्डी यांनी या गोष्टीचा मूलगामी विचार केला. माणसाला वीज नको असते, प्रकाश आणि ऊन पाणी हवे असते. मग ते कमीत कमी विजेत कसे मिळेल ते आधी पाहा, नवी वीजकेंद्रे नंतर, असे त्यांचे प्रतिपादन होते. कर्नाटकासाठी त्यांनी व सहकाऱ्यांनी मांडलेल्या आराखड्यात गीझरच्या जागी सौर बंब होते.

पुढे राज्याने त्या दिशेने पावले टाकली. 2007 च्या आदेशाने ठरावीक इमारतींना सौर बंब सक्तीचे झाले. बिलात युनिटमागे 50 पैसे, महिन्याला अधिकात अधिक 50 रुपये सूट दिली गेली. दिव्यांच्या बाबतीत तर केंद्राने 2015 पासून 'उजाला' योजनेत एलईडी दिव्यांची घाऊक खरेदी करून किंमत उतरवली आणि 36 कोटींहून अधिक दिवे घरोघरी गेले. साठ वॅटचे काम नऊ वॅटमध्ये होऊ लागले.

आणि 2023 च्या ऑगस्टपासून 'गृहज्योती' आली. दोनशे युनिटांपर्यंत वीज मोफत; वर्षाचा खर्च नऊ-दहा हजार कोटींच्या घरात. गरिबाच्या घरी दिवा लागतो, भाडेकरूलाही लाभ मिळतो, याचा आम्हांला आनंदच आहे. तथापि तिची मोजणी पाहा. 2022-23 ची सरासरी आणि वर दहा टक्के, एवढाच प्रत्येकाचा वाटा. (अगदी अल्प वापराच्या घरांना 2024 साली दहा टक्क्यांऐवजी दहा युनिटे वाढवून मिळाली.) समजा, शेजारी शेजारी दोन घरे आहेत. एकाची सरासरी गीझरमुळे 150, त्याला 165 मोफत. दुसऱ्याने पदरचे पैसे घालून सौर बंब बसवला, सरासरी 60; त्याला 66. दिवाळीत गावाकडचे पाहुणे आले आणि मीटर 80 वर गेला, तर 14 युनिटांचे पैसे भरावयाचे ते काटकसर करणाऱ्याने! पहिल्या घराला मात्र गीझर काढण्याचे काही कारणच उरत नाही.

या खर्चाचा थोडासा भाग जुन्या भाड्याच्या घरांवर सौर बंब बसवण्यास द्यावा, असे आमचे मत आहे. तेथे अडचण उघड आहे : बंबाचे पैसे मालकाने घालावयाचे आणि बिल वाचणार भाडेकरूचे. मालक कशाला हात घालील? नोकरीनिमित्त येथे येणारी आपली बहुतेक कुटुंबे प्रथम भाड्याच्याच घरात उतरतात.

दुसरे काम देखभालीचे. सक्तीने बसवलेले बंब वीजजोडणीपुरते दाखवले जातात. पुढे बोअरवेलच्या पाण्यातील क्षार नळ्यांत साचतात, पाणी कोमट येऊ लागते आणि खाली गुपचूप गीझर लागतो. आपल्यापैकी ज्यांच्या गच्चीवर असा बंब आहे, त्यांनी येत्या रविवारी वर जाऊन नळ्या पाहाव्यात.