चालत्या दुकानाची नक्कल

कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवतो. त्यामुळे मला हिशेब कळतात, असा आमच्या गावातल्या सहकारी ग्राहक भांडाराच्या सभासदांचा समज आहे, आणि तो मोडण्याचे मला काही कारण दिसले नाही. गेली सहा वर्षे मी तेथे संचालक आहे. भांडाराच्या मागच्या खोलीत, साखरेच्या पोत्यांपलीकडे, एक सर्व्हर आहे. पाच काउंटरांवरची बिले, गोदामातला साठा आणि सभासदांची खाती हे सगळे त्या एका पेटीत लिहिले जाते.

एका दिवाळीच्या नऊ दिवस आधी त्या पेटीतली डिस्क गेली.

"बॅकअप आहे ना?" मी विचारले.

"आहे की सर. रोज रात्री दोन वाजता आपोआप होतो," व्यवस्थापक म्हणाले.

आणि तो होत होता, यात खोटे काही नाही. रोज रात्री दोन वाजता त्या दिवसाच्या तारखेची एक फाईल जन्माला येत होती. फक्त चौदा महिन्यांपूर्वी डेटाबेसचा पासवर्ड बदलला, तेव्हापासून त्या सगळ्या फाईली रिकाम्या होत्या. ती दिवाळी आम्ही कार्बन लावलेल्या पावत्यांवर काढली. सभासदांची उधारी त्यांनी तोंडी सांगितली तीच खरी मानली. एक-दोघे सोडले तर लोक खरे बोलले, हे मी येथे मुद्दाम नमूद करतो.

तुमचे दुकान असेल, दवाखाना असेल, पतपेढी असेल. कोठे तरी कोपऱ्यात अशी एक पेटी तुमच्याकडेही असणार. म्हणून त्यानंतर मी जे थोडेबहुत शिकलो, ते तुम्हाला सांगावेसे वाटते.

जुन्या पेढीवर खतावणीची दुबार प्रत करायची तर मुनीम सरळ दुकानाच्या फळ्या लावून बसत. गिऱ्हाईक परत गेले तरी चालेल, पण उतरवून घेताना मूळ पान हलता कामा नये. सर्व्हरचेही तसेच आहे. नक्कल करायला दोन तास लागतात असे धरा. पहिले पान एक वाजता उतरवले, शेवटचे तीन वाजता. मधल्या वेळात एक विक्री झाली, तर नक्कलेतल्या रोख पानावर पैसे आलेले दिसतात आणि साठ्याच्या पानावर माल तसाच पडून असतो. अशी नक्कल दिसायला अगदी पूर्ण असते; पण ती ज्या खतावणीची आहे, ती खतावणी कोणत्याही क्षणी अस्तित्वातच नव्हती. आमचे भांडार रात्री बंद असते हे खरे, परंतु दिवसअखेरचा हिशेब हेच यंत्र रात्री करते आणि फोनवरच्या मागण्याही हल्ली रात्रीच येतात. फळ्या लावण्याची सोय उरलेली नाही.

यावर जी युक्ती काढली आहे ती मला फार आवडली. मुनिमाला सांगायचे, दुकान बंद करू नकोस. फक्त या क्षणापासून कोणी जुन्या पानावर खाडाखोड करायला आला, तर आधी त्या पानाची जशीच्या तशी प्रत शेजारच्या फडताळात ठेव, आणि मग त्याला लिहू दे. नक्कल करणाऱ्याने न बदललेले पान खतावणीतून उतरवावे, बदललेले फडताळातून घ्यावे. दुकान चालू, आणि नक्कल मात्र त्या एका क्षणाची! याला स्नॅपशॉट म्हणतात. लिनक्सवर एलव्हीएम ही सोय देते. विंडोज सर्व्हरमध्ये २००३ च्या आवृत्तीपासून व्हॉल्यूम शॅडो कॉपी नावाची व्यवस्था आहे.

तो क्षण मात्र नीट साधावा लागतो. लेखणी हवेत असताना छायाचित्र घेतले, तर अर्धी नोंद त्यात येते. म्हणून आधी डेटाबेसला थांबवतात: हातातले लिहून पुरे कर, नवे घेऊ नकोस. विंडोजची व्यवस्था या थांबण्याला जास्तीत जास्त ६० सेकंद देते आणि डिस्कवरचे लेखन प्रत्यक्ष अडवून धरायला १०. काउंटरवरच्या मुलीला यंत्र जरा अडखळल्यासारखे वाटते, इतकेच. पुढची दोन तासांची नक्कल मागच्या मागे होत राहते. ती झाली की स्नॅपशॉट काढून टाकावा. एलव्हीएमच्या साध्या स्नॅपशॉटचे फडताळ भरले, तर तो निकामी होतो. आणि स्नॅपशॉट हाच बॅकअप, असेही कोणी समजू नये. मूळ खतावणी जळाली, तर फडताळात फक्त बदललेलीच पाने सापडतील.

नक्कल घ्यायची ती साऱ्या यंत्राची, नुसत्या आकड्यांची नव्हे. प्रोग्राम, त्याच्या मांडण्या, कोणाला काय उघडता येते याच्या परवानग्या हे सगळे त्यात यावे. आमच्याकडे नवी डिस्क एका दुपारी आली. पण प्रिंटर आणि काउंटर पूर्वीसारखे जुळायला चार दिवस गेले. आठवड्यातून एकदा पूर्ण आणि रोज रात्री तेवढे बदललेले, असा क्रम आता आम्ही ठेवला आहे. वेळेवर काम सुरू करायला लिनक्सवर क्रॉन आहे, विंडोजवर टास्क शेड्युलर आहे. हा भाग सोपा आहे, आणि सोपा आहे म्हणूनच माणूस निर्धास्त होतो.

गिटलॅब ही कंपनी जगभरच्या प्रोग्रामरांचे काम सांभाळते. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका थकलेल्या अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरच पुसण्याची आज्ञा दिली. चूक कळून त्याने हात आवरला, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. रोजचा बॅकअप शोधला तर तेथे काहीच नव्हते. डेटाबेस होता ९.६ आवृत्तीचा, आणि नक्कल करणारा प्रोग्राम ९.२ चा चालत होता; तो दर वेळी अपयशी होई. अपयशाची ईमेलही निघे, पण ती टपाल घेणाऱ्या सर्व्हरकडून नाकारली जाई. वाचले ते सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटमुळे. मधले सहा तास गेले ते गेलेच. कंपनीने हे सारे स्वतःच जाहीरपणे लिहून ठेवले, याबद्दल मला तिचा आदर वाटतो.

हे वाचले आणि आमच्या रिकाम्या फाईली आठवल्या. बिघडल्यावर कळवणारे यंत्र पुरत नाही, कारण कळवणेही बिघडते. म्हणून आता आमच्याकडे रोज सकाळी यशाची बातमी यावी लागते, फाईलच्या आकारासह. रोजमेळात व्यवस्थापक पहिली ओळ शिलकेची लिहितात आणि दुसरी त्या आकाराची. सकाळी नऊपर्यंत बातमी नाही आली, तर दुसरेच एक यंत्र माझा आणि त्यांचा फोन वाजवते. एकदा तो माझ्या तासाला वाजला. मुलांची करमणूक झाली.

राहता राहिली ती दूर ठेवलेली प्रत. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या विध्वंसक प्रोग्रामने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे जाळे उद्ध्वस्त केले. कोणाला कोठे प्रवेश द्यायचा याची यादी ठेवणारे तिचे सुमारे १५० सर्व्हर होते आणि ते एकमेकांना सांभाळत. सगळे एकदम गेले. एक तेवढा घानामध्ये शिल्लक राहिला, कारण तेथे त्या वेळी वीज गेली होती! आपल्याकडे वीज जाण्याची उणीव नाही, परंतु त्यावर विसंबण्यापेक्षा आम्ही दोन डिस्का आलटून पालटून वापरतो. एक सर्व्हरला जोडलेली, दुसरी बाजारपेठेतल्या पतपेढीच्या तिजोरीत. नक्कल कुलूपबंद आहे, आणि तिचा पासवर्ड अध्यक्षांकडे लाखेने बंद केलेल्या पाकिटात आहे. अध्यक्षांना तो पाठ करायचा होता. मी नको म्हटले.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिजोरीतली डिस्क गोदामातल्या एका जुन्या संगणकावर आणून त्यावर सबंध भांडार उभे केले जाते. मी पावत्यांच्या गठ्ठ्यातून डोळे मिटून एक पावती काढतो आणि व्यवस्थापकांना म्हणतो, "ही दाखवा." मागच्या शनिवारी अडीच किलो तूरडाळ आणि दोन साबणांची पावती निघाली. सगळे उभे करून ती पडद्यावर यायला एक तास पन्नास मिनिटे लागली. व्यवस्थापकांच्या मते नवी डिस्क घेतली तर पाऊण तासात होईल. ती मागणी पुढच्या सभेपुढे आहे.