चाळीस, साठ, ऐंशी

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? ठीक.

मी मूळची बडोद्याची. आज पडद्यासमोर बसलेल्यांत कोणी इंदूरचं असेल, कोणी हैदराबादचं, कोणी बेळगावचं. आपल्यापैकी बऱ्याच जणांना फुटबॉल म्हटलं की गोल चेंडू आणि अर्धी चड्डी आठवते. मी ज्या फुटबॉलबद्दल बोलणार आहे तो वेगळा. अंडाकृती चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर चिलखत, आणि दर शनिवारी कॉलेजच्या मैदानावर अख्खं गाव. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये १ लाख ७ हजारांवर माणसं बसतात. हो, कॉलेजच्या सामन्याला! अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांत सरकारी पगारपत्रकावर सगळ्यात जास्त पगार मुख्यमंत्र्याच्या तोडीच्या गव्हर्नरचा नसतो, फुटबॉलच्या कोचचा असतो.

या खेळाशी माझा संबंध आला तो पैशांच्या अडचणीमुळे. संख्याशास्त्रात पीएच.डी. करायला मी तिकडे एका मोठ्या सरकारी विद्यापीठात गेले. पहिल्या वर्षी असिस्टंटशिप अर्धीच मिळाली. विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला २० तास काम करता येतं, त्यातले १० तास रिकामे होते. कोणीतरी म्हणालं, खेळाडूंच्या अभ्यास केंद्रात गणिताचे ट्यूटर हवे आहेत. गेले.

पहिल्या दिवशी गणित विचारलंच नाही. दोन तास फक्त नियम. खेळाडूच्या निबंधात एक शब्दही बदलायचा नाही. त्याला गाडीतून सोडायचं नाही, कॉफी पाजायची नाही. आणि एक नियम मला फार गमतीचा वाटला: त्याच्या वहीवर आपली पेन्सिल टेकवायची नाही. समजवायचं असेल तर फळ्यावर, आणि नंतर फळा पुसायचा. मी मनात म्हटलं, आमच्या कॉलेजात खो-खोच्या मुलींची हजेरी सर स्वतःच भरून टाकायचे, आणि इथे पेन्सिलीचा एवढा सोवळेपणा!

सोवळेपणा कुठून आला ते नंतर कळलं. जॉर्जिया विद्यापीठात जॅन केम्प नावाच्या बाई कच्च्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवायच्या. १९८१ मध्ये नऊ फुटबॉलपटू त्या विषयात नापास असताना वरून त्यांना पुढे ढकललं गेलं, म्हणजे ते शुगर बोलचा मानाचा सामना खेळायला मोकळे. केम्पबाईंनी तक्रार केली आणि नोकरी गमावली. त्या कोर्टात गेल्या. १९८६ मध्ये ज्युरीने त्यांना २५ लाख डॉलर देऊ केले. ती रक्कम पुढे कमी झाली, पण त्यांना नोकरी परत मिळाली. दुसरी गोष्ट डेक्स्टर मॅनलीची. ओक्लाहोमा स्टेटमध्ये चार वर्षं खेळला, मग व्यावसायिक फुटबॉलमध्ये गाजला. १९८९ मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे तो रडत रडत म्हणाला की कॉलेज संपलं तरी मला वाचता येत नव्हतं. विचार करा, चार वर्षांत त्या माणसासमोर किती परीक्षांचे कागद आले असतील. ते कोणी तपासले असतील?

तर अशा वातावरणात एनसीएए ही खेळांची मध्यवर्ती संस्था नियम कडक करत गेली. प्रपोझिशन ४८ नावाचा ठराव १९८३ मध्ये आला, १९८६ पासून लागू झाला. शाळेतल्या ११ मुख्य विषयांत ४ पैकी सरासरी २ गुण, आणि एसएटी परीक्षेत १६०० पैकी ७००. नाही जमलं, तर पहिलं वर्ष मैदानाबाहेर. ऐकायला रास्त वाटतं. पण बाहेर बसणाऱ्यांत कृष्णवर्णीय मुलंच मोठ्या प्रमाणात निघाली. ज्या शाळेत नीट गणिताचा शिक्षक नाही, तिथल्या मुलाला तीन तासांच्या परीक्षेवर तोलायचं का, असा तो वाद. पुढे अशा मुलांची शिष्यवृत्तीही बंद करायचा ठराव आला, तेव्हा जॉर्जटाउनचे बास्केटबॉल कोच जॉन थॉम्प्सन जानेवारी १९८९ मध्ये सामना सुरू होताना निषेध म्हणून कोर्ट सोडून निघून गेले. एसएटीची ती अट पुढे कितीदा बदलली, पण पहिल्या दोन विभागांतून ती पूर्ण गेली २०२३ मध्ये. आज १६ मुख्य विषय आणि त्यांत सरासरी २.३ लागते. परीक्षा नाही.

हे झालं दारातून आत येण्याचं. माझं काम होतं आत आल्यानंतरचं, आणि तिथलं गणित खरं गुंतागुंतीचं.

नियमाला सगळे ‘चाळीस-साठ-ऐंशी’ म्हणायचे. दुसरं वर्ष संपताना तुमच्या पदवीचा ४० टक्के अभ्यासक्रम पूर्ण हवा, तिसऱ्याला ६०, चौथ्याला ८०. साधारण पदवी १२० क्रेडिटची, म्हणजे ४८, ७२, ९६. सोबत दर सेमिस्टरला किमान ६ क्रेडिट. फुटबॉलवाल्यांना पावसाळा संपल्यानंतरच्या, म्हणजे सामने चालू असतानाच्या सेमिस्टरला ९. ती ९ झाली नाहीत तर पुढच्या हंगामातले पहिले ४ सामने बाहेर. हा जादा नियम फक्त फुटबॉलला, कारण सामने संपले की मुलं वर्गाकडे फिरकायचीच नाहीत.

आणि संघाचा म्हणून वेगळा हिशोब, त्याला एपीआर म्हणतात. शिष्यवृत्तीवरच्या प्रत्येक खेळाडूला सेमिस्टरला दोन गुण: एक पात्र राहिल्याचा, एक कॉलेजात टिकल्याचा. सगळ्यांची बेरीज करून हजारापैकी आकडा काढायचा. ९३० च्या खाली गेलात तर हंगामानंतरचे मानाचे सामने बंद. या आकड्याचा उलटा फायदाही होतो बरं का. २०१५ मध्ये बोल सामन्यांना ६ विजयांवाले संघ पुरेनात, तेव्हा ५ जिंकून ७ हरलेले संघ एपीआरच्या क्रमाने बोलावले. नेब्रास्का, मिनेसोटा आणि सॅन होजे स्टेट असे आत आले. तिघंही आपापला सामना जिंकले! आमच्या केंद्रात त्या आठवड्यात ट्यूटर लोक उगाचच छाती काढून फिरत होते.

आता माझ्या गोष्टीकडे येते.

पहिल्या सेमिस्टरला माझ्याकडे एक लाइनमन आला. नाव सांगणार नाही. साडेसहा फूट उंच, वजन १४० किलोच्या घरात, आणि खुर्चीत बसताना ‘एक्सक्यूज मी, मॅम’ म्हणून खुर्चीची माफी मागावी तसा बसायचा. सकाळी सहाला वजनं उचलणं, दुपारी सराव, संध्याकाळी सामन्यांचे व्हिडिओ, मग रात्री साडेआठला मी. नियमाने सराव आठवड्याला २० तासांच्या वर नको. पण प्रवास, मालिश, ‘ऐच्छिक’ व्यायाम त्यात मोजत नाहीत. एनसीएएच्या स्वतःच्या पाहणीतही हंगामात फुटबॉलपटूंचे खेळावरचे तास आठवड्याला ४० च्या वर निघाले आहेत. म्हणजे पूर्ण वेळची नोकरी करून हा मुलगा माझ्यापुढे त्रिकोणमिती घेऊन बसायचा.

त्याला सिव्हिल इंजिनिअर व्हायचं होतं. त्याच्या गावाकडचा एक पूल पुरात गेला होता आणि तो पुन्हा बांधताना त्याने पाहिला होता, तेवढंच कारण. शाळेत त्याला कॅल्क्युलस मिळालंच नव्हतं. त्यामुळे आधी बीजगणित, मग प्रीकॅल्क्युलस, मग खरी सुरुवात. हळू होता, पण पक्का. एकदा समजलं की सुटत नसे. मी चार वर्षांत शिकवलेल्यांपैकी प्रश्न विचारायला न लाजणारे असे दोनच, त्यातला हा एक.

दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा मे महिन्यात ॲडव्हायझरने मला बोलावलं. टेबलावर कागद. त्याच्या खात्यावर ५४ क्रेडिट होती. चांगली होती! पण इंजिनिअरिंगची पदवी १२८ क्रेडिटची, तिचे ४० टक्के म्हणजे ५२ लागणार. बीजगणित, प्रीकॅल्क्युलस आणि आणखी दोन-तीन विषय त्या पदवीत धरले जात नाहीत. धरता येण्याजोगी निघाली ३९. त्याच ५४ पैकी ‘आंतरविद्या अभ्यास’ नावाच्या १२० क्रेडिटच्या पदवीत ५१ बसत होती आणि ४८ पुरेशी होती. एका बाजूला पात्र, दुसऱ्या बाजूला अपात्र. मुलगा तोच आणि त्याला येणारं गणितही तेच. शिवाय इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळा दुपारी, सरावाच्या वेळेला.

ॲडव्हायझर वाईट माणूस नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. तो म्हणाला, “तुझं तो ऐकतो. तू बोल त्याच्याशी.”

आणि मी बोलले. मी त्याला म्हटलं, आधी पदवी हातात येऊ दे, खेळ टिकू दे, इंजिनिअरिंगचं नंतर बघता येईल. मला तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं. शिष्यवृत्ती गेली असती तर घरी परत जावं लागलं असतं, हेही खरंच होतं. त्याने बराच वेळ फळ्याकडे बघितलं. मग विचारलं, “मॅम, मग मी ही दोन वर्षं कॅल्क्युलसपर्यंत कशाला आलो?” मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते मला आठवत नाही, आणि ते आठवत नाही याचंच मला वाईट वाटतं.

संघाचा एपीआर त्या वर्षी वाढला. आम्हाला पिझ्झा मिळाला.

मी संख्याशास्त्राची आहे, म्हणून हा प्रश्न मला वेगळ्या तऱ्हेने टोचतो. आकडा खोटा नव्हता. कोणी कॉपी केली नव्हती, कोणी पेन्सिल टेकवली नव्हती. त्या मुलाने सगळे नियम पाळले, आम्हीही पाळले. फक्त ‘पदवीकडे प्रगती’ मोजणारा नियम पदवी बदलून सगळ्यात सोपा सुटत होता. एकाच विद्यापीठात अर्धा संघ एकाच विषयात पदवी घेताना दिसला तर मुलांना तो विषय आवडतो असं समजू नका. वेळापत्रक आणि टक्के यांनी मिळून तो निवडलेला असतो.

उघड खोटं कसं दिसतं तेही सांगते. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात चॅपेल हिलला १९९३ ते २०११ अशी १८ वर्षं काही वर्ग फक्त कागदावर चालले. प्राध्यापक नाहीत, तास नाहीत, शेवटी एक निबंध, आणि तो तपासायची विभागातली एक कार्यालयीन कर्मचारी. केनेथ वेनस्टीन यांच्या २०१४ च्या अहवालानुसार ३,१०० हून जास्त विद्यार्थी त्यातून गेले, जवळपास निम्मे खेळाडू. मेरी विलिंगहॅम नावाच्या शिक्षिकेने यावर आवाज उठवला, तिलाही बरंच सोसावं लागलं. आणि एनसीएएचा निकाल? २०१७ मध्ये त्यांनी म्हटलं की हे वर्ग बिगरखेळाडूंनाही खुले होते, त्यामुळे खेळाडूंना खास सवलत दिल्याचा नियमभंग सिद्ध होत नाही. शिक्षा नाही. सगळ्यांनाच न शिकवल्यामुळे सुटले!

दुसरी बाजू नाही असं नाही. फ्लोरिडा स्टेटचा मायरन रोल २००८ मध्ये ऱ्होड्स शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला गेला, ती मिळवली, आणि त्याच संध्याकाळी विमानाने सामन्याला पोचला. आज तो मेंदूचा शल्यविशारद आहे. दर पालकसभेत त्याचं नाव घेतलं जायचं. मला त्याच्याबद्दल आदरच आहे, पण लाइनमनपुढे त्याचं उदाहरण मी कधी दिलं नाही.

आता पैसा आला आहे. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावता येतं, २०२५ पासून विद्यापीठं थेट पैसे देतात. २०२४ पासून अभ्यासात पात्र असलेला खेळाडू कितीही वेळा कॉलेज बदलून लगेच खेळू शकतो. म्हणजे आता बदलीच्या दारावर अभ्यास हा एकच पहारेकरी उरला आहे. आणि दर बदलीत काही क्रेडिट नव्या कॉलेजात धरली जात नाहीत. चौथ्या कॉलेजात ८० टक्के कसे भरायचे? ज्यात भरतील ती पदवी घ्यायची. गणित पुन्हा तेच.

आपल्याकडचे पालक मला ईमेल करतात, मुलीला टेनिसवर किंवा पोहण्यावर तिकडे पाठवू का म्हणून. जरूर पाठवा. फक्त कोचला विचारायच्या आधी मुलीला कोणता विषय हवा तो ठरवा, आणि मग विचारा: या विषयाच्या प्रयोगशाळा कधी असतात, सराव कधी असतो, आणि मागच्या पाच वर्षांत तुमच्या संघातल्या कितीजणींनी हा विषय पूर्ण केला? उत्तर द्यायला वेळ लागला तर तेही उत्तरच समजा.

लाइनमनचा गुडघा चौथ्या वर्षी गेला. पदवी मात्र त्याने वेळेत घेतली, आमच्या आकडेवारीत तो यशस्वी आहे. काही वर्षं गोदामात काम केलं, मग एका बांधकाम कंपनीत पर्यवेक्षक झाला. तिशी ओलांडल्यावर त्याने गावाजवळच्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. कॅल्क्युलस दोन. गेल्या महिन्यात रात्री त्याने मला एका उदाहरणाचा फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, “मॅम, कुठे चुकलं?” तिसऱ्या ओळीत चिन्ह चुकलं होतं. मी लिहिलं, तिसरी ओळ बघ. दीड तासाने त्याचा अंगठा आला.