हिरवं पान आणि बाटलीतलं मद्य

गेल्या भाषणानंतर आलेल्या श्रोत्यांच्या पत्रांत एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. रामनगरच्या एका ताईंनी तो सरळ विचारलाय: "भावजींनी अनमोड घाटातून येताना गोव्याची वाइन आणली. बाटलीवर हिरवं पान आहे, 'शाश्वत' असं लिहिलंय. मामंजींना रक्तदाब आहे, पण ही चालेल ना?"

नाही हो ताई, नाही चालणार. 'शाश्वत' हा शब्द द्राक्षबागेबद्दल आहे, मामंजींच्या तब्येतीबद्दल नाही. बागेला पाणी किती लागलं, माती टिकली का, मजुरांना नीट दाम मिळाला का, कारखान्याची वीज कुठून आली, याचा तो हिशेब. मद्यार्क मात्र तेवढाच, साधारण 12 ते 14 टक्के. बिअरच्या दुपटीहून जास्त.

'सेंद्रिय' हा आणखी वेगळा शब्द. सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, असं पुष्कळांना वाटतं. तुमच्या भागात सुपारीला कोळे रोग लागू नये म्हणून बोर्डो मारतात ना, मोरचूद आणि चुन्याचं? बोर्डो हे फ्रान्समधलं वाइनचं शहर. 1885 च्या सुमारास तिथल्या वेलींवरच्या केवडा रोगावर उपाय म्हणून हे मिश्रण पुढे आलं. सेंद्रिय बागेतही ते ठरावीक मर्यादेत चालतं. पण तांबं मातीत साठत जातं. म्हणजे बाग सेंद्रिय असली तरी शाश्वत असेलच असं नाही. आपल्याकडे 'सेंद्रिय' म्हणून विकायला प्रमाणपत्र लागतं, तेव्हा त्या प्रमाणपत्राचं अधिकृत चिन्ह शोधा. नुसत्या पानाच्या चित्राला काही अर्थ नाही.

काहींनी वाइन टिकवायला घालतात त्या सल्फाइटबद्दलही विचारलंय. दमेकऱ्यांनी जपावं. वरून घातलं नाही तरी थोडं सल्फाइट यीस्ट स्वतःच तयार करतं. आणि जड बाटली म्हणजे भारी माल, हा समज सोडा. काच जितकी जास्त, तितकं इंधन जास्त.

आता पुन्हा मामंजींच्या तब्येतीच्या मुद्द्यावर येते, कारण तो मला झोपू देत नाही. 2022 मध्ये महाराष्ट्रात सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय झाला, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य घराघरांत पोचलं. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं, की मद्याचं कुठलंही प्रमाण निर्धोक नाही. कर्करोगाला कारण होणाऱ्या पदार्थांच्या यादीत मद्य 1988 पासून आहे. द्राक्ष कुठल्या मातीत पिकलं, हे त्या यादीत कोणी विचारत नाही! अहो, मीठ मोजून घालता, गोळ्यांची वेळ चुकवत नाही, आणि एका हिरव्या पानावर विश्वास ठेवून म्हाताऱ्या माणसाच्या हातात पेला देता? रागावले, माफ करा. आंबवणीच्या प्रयोगशाळेत माझी उमर गेली; वाइन बनवणाऱ्यांच्या कष्टांची मला कदर आहे. म्हणूनच त्यांच्या चांगल्या शब्दाला कोणी औषध समजावं, हे सोसवत नाही.

ताई, ती बाटली भावजींना परत द्या. मामंजींना रातांब्याचं सरबत करा, साखर बेताची, आणि मीठ अजिबात नको.