शिवेची राखण आणि गावकुसाबाहेरचं घर

(बंगळुरूत शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मराठी भाषक तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय आहे, 'बदलत्या संस्कृतीत मराठी अस्मिता आणि वारसा कसा जपायचा?' समोर बसलेले तुम्ही बहुतेक जण नांदेड, लातूर, बीड, सोलापूर, निपाणी या भागांतून आला आहात. कुणी इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करतं, कुणी माझ्यासारखं फेलोशिपच्या हप्त्याची वाट बघत पीएच.डी. करतं. आणि जवळपास सगळे आपापल्या घरातले पहिले पदवीधर आहेत. म्हणून 'कसा जपायचा' याआधी मला दोन प्रश्न विचारायचे आहेत. कोणता वारसा? आणि तो जपण्याचं काम वाटून देताना आपल्या वाट्याला काय ठेवलं आहे?

जुन्या गावगाड्यात गावाच्या शिवेची राखण महाराकडे असायची. दोन गावांत हद्दीवरून तंटा झाला, की महाराची साक्ष महत्त्वाची मानली जायची, कारण शीव कुठून कुठे जाते हे त्याला ठाऊक असायचं. त्याचं स्वतःचं घर मात्र गावकुसाबाहेर. गाव कुठे संपतं हे त्याने सांगायचं, पण गावात राहायचं नाही. प्रादेशिक अस्मितेने आपल्याशी जोडलेलं नातं मला अनेकदा असंच दिसतं. हद्दीचं भांडण निघालं की आपण मराठी, आपण कन्नडिग. भांडण मिटलं, की प्रत्येकाने आपापल्या वस्तीत परत जायचं.

हे मी हवेत बोलत नाही. आपण ज्या राज्यात बसलो आहोत, तिथूनच सुरुवात करू.

१ नोव्हेंबर १९७३ रोजी म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं. कन्नड अभिमानाला भरती आलेला तो काळ. त्याच महिन्यात देवराज अर्स यांच्या मंत्रिमंडळातले दलित मंत्री बी. बसवलिंगप्पा म्हैसूरच्या एका कार्यक्रमात म्हणाले, की कन्नड साहित्यातलं बरंचसं 'बूसा' आहे. बूसा म्हणजे गुरांपुढे टाकतात तो भुसा. हे एक मत होतं. ज्याला पटलं नाही त्याला लेख लिहून, भाषण करून ते खोडता आलं असतं. प्रत्यक्षात राज्यात आंदोलन पेटलं, दलित विद्यार्थ्यांवर आणि त्यांच्या वसतिगृहांवर हल्ले झाले आणि बसवलिंगप्पांना मंत्रिपद सोडावं लागलं. कुवेंपूंसारखा मोठा कवी त्यांच्या बाजूने उभा राहिला, तरीही.

हेच बसवलिंगप्पा डोक्यावरून मैला वाहून नेण्याची प्रथा बंद करणारे मंत्री म्हणून ओळखले जातात. मैल्याची पाटी माणसाच्या डोक्यावर होती, तोवर कुणाची अस्मिता दुखावली नव्हती. पुस्तकांना भुसा म्हटल्यावर ती दुखावली.

आता आपल्याकडे या. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. मराठवाड्यात उच्च शिक्षणाची वाट कुणी मोकळी केली? विद्यापीठ आलं १९५८ साली. त्याच्या आठ वर्षं आधी, १९५० मध्ये, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज काढलं होतं, जे आज मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं जातं. तरी ठरावानंतर 'मराठवाड्याची अस्मिता' धोक्यात आली आणि गावोगावच्या दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत मातंग समाजातल्या पोचीराम कांबळे यांना मारून टाकलं. नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला, आणि तेही 'मराठवाडा' हा शब्द सोबत ठेवून.

मी नांदेड जिल्ह्यातलाच. आमच्याकडे वयस्क माणसं आजही काळ मोजताना 'जाळपोळीच्या आधी' आणि 'जाळपोळीनंतर' असं म्हणतात. त्यांची मराठी अस्सल मराठवाड्याची. त्यांना जाळायला आलेल्यांचीही तीच होती. एकच बोली, एकच बाजार, एकच जत्रा. भाषा एक असल्याने घर वाचलं नाही.

हा धोका बाबासाहेबांनी आधीच ओळखला होता. १९५५ साली 'थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स'मध्ये त्यांनी भाषावार राज्याची कल्पना फेटाळली नाही, पण एक इशारा दिला. प्रत्येक प्रदेशात एखादी मोठी जात असते, भाषेचं राज्य झालं की सत्ता तिच्या हाती जाते आणि लहान जाती तिच्या दयेवर जगतात. म्हणून राज्यं लहान असावीत, असा त्यांचा आग्रह होता. महाराष्ट्राचे चार भाग करावेत, त्यात मुंबई वेगळी असावी, इथपर्यंत त्यांनी मांडणी केली. आणि तरीही पुढच्याच वर्षी त्यांचा शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन हा पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीत होता. त्या लढ्याचा आवाज कोण होतं? वाटेगावच्या मातंग कुटुंबात जन्मलेले अण्णा भाऊ साठे. ज्या महाराष्ट्रासाठी अण्णा भाऊ डफावर थाप मारत गात होते, त्या महाराष्ट्रात मातंगाला गावच्या पाणवठ्यावर काय वागणूक होती, हे मी तुम्हाला सांगायला नको.

तेव्हा आपण प्रदेशाच्या, भाषेच्या लढ्यापासून दूर राहिलो, असं कुणी म्हणू शकत नाही. आपण लढलो, गायलो, मेलो. हिशेब राहिला आहे तो वाटणीचा.

आज बंगळुरूत मराठी वारसा म्हटला की काय समोर येतं? शहाजीराजे. ते खरंच आहे. सतराव्या शतकात हे शहर त्यांच्या जहागिरीत होतं, आणि त्यांची समाधी याच राज्यात, होदिगेरे इथे आहे. हा इतिहास जरूर वाचा. पण २०२० साली कर्नाटक सरकारने मराठा विकास महामंडळ जाहीर केलं, ५० कोटींची तरतूद सांगितली आणि कन्नड संघटनांनी ५ डिसेंबरला बंद पुकारला, तेव्हाचा वाद आठवून बघा. सगळी चर्चा मराठी विरुद्ध कन्नड अशी चालली. या राज्यात वीटभट्टीवर, ऊसतोडीला, बांधकामावर आलेला मराठी बोलणारा दलित आणि भटका माणूस त्यात कुठे होता? डिसेंबर २०२१ मध्ये इथे शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई टाकली, तिकडे बेळगावात संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची मोडतोड झाली. तेव्हाही मोर्च्यात पुढे घातलेली पोरं कुणाची होती आणि पोलीस ठाण्याच्या चकरा मारणारे आईबाप कुणाचे होते, हे बेळगावकडच्या मित्रांना विचारा.

जुलै २०२४ मध्ये खासगी उद्योगांत स्थानिकांना आरक्षण देणाऱ्या विधेयकाला इथल्या मंत्रिमंडळाने मान्यता दिली आणि उद्योगांनी ओरड करताच ते थांबवलं. महाराष्ट्रातही 'भूमिपुत्र' हा शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. ज्याच्या सातबाऱ्यावर गुंठाभर जमीन नाही, त्याला कुठल्या भूमीचा पुत्र म्हणायचं? स्थानिकांना नोकऱ्या मागणाऱ्यांतले किती जण, त्या स्थानिकांतल्या कोणत्या जातींना खासगी कंपनीचं दार उघडतं, हेही विचारतात?

आता वारशाची दुसरी बाजू. इथल्या एका मंडळाच्या कार्यक्रमात 'लोकधारा' नावाखाली मंचावर पोतराज आणला होता. कमरेला चिंध्या, हातात कोरडा, पायात घुंगरू. स्वतःच्या अंगावर तो फटके ओढत होता आणि समोरचे लोक मोबाइलवर शूटिंग करत होते. निवेदिका म्हणाली, ही आपली लोप पावत चाललेली संस्कृती आहे, ती जपायला हवी. माझे चुलत आजोबा पोतराज होते. त्यांनी केस उतरवले, मरीआईचा गाडा सोडला आणि शेतात मजुरीला जाऊ लागले. पोरांना शाळेत घालायचं ठरलं तेव्हा. ती कला 'लोप पावली' म्हणूनच आमच्या घरात पुस्तक आलं.

आपली गोष्ट जपण्यापासून सुरू होत नाही, ती सोडण्यापासून सुरू होते. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं, लुगडं नेसण्याची अस्पृश्यतेची ओळख सांगणारी पद्धत टाका, जातीची खूण वाटणारे दागिने टाका. मेलेलं ढोर ओढणं सोडा, येसकरकी सोडा. ज्यांनी हे सोडलं त्यांनी संस्कृती बुडवली असं कुणी म्हणत असेल, तर बुडवलेली ती संस्कृती पुन्हा वर काढायला आपण येणार नाही, हे नम्रपणे सांगावं.

मग आपण जपायचं तरी काय? पुष्कळ आहे. फक्त ते प्रदेशाच्या हद्दीत मावत नाही.

मंगळवेढा घ्या. आज ते सोलापूर जिल्ह्यात आहे. बाराव्या शतकात बसवेश्वर कल्याणला जाण्याआधी तिथे होते. पुढे त्याच मंगळवेढ्यात चोखोबा होऊन गेले. गावकूस बांधण्याच्या वेठीला लावलेले असताना ते कूस अंगावर कोसळून चोखोबा गेले, असं परंपरा सांगते. ज्या भिंतीने बाहेर ठेवलं, तीच बांधताना माणूस गेला. बसवण्णा कन्नडचे आणि चोखोबा मराठीचे, अशी वाटणी करणाऱ्याला मंगळवेढा कळलेलं नाही.

कोल्हापूर घ्या. शाहू महाराजांनी १९०२ साली मागासवर्गीयांना ५० टक्के जागा राखल्या. १९१८ साली म्हैसूर संस्थानात याच प्रश्नावर मिलर समिती नेमली गेली. १९२० साली माणगावची परिषद झाली. १९२५ च्या एप्रिलमध्ये निपाणीला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद झाली. माणगाव आज महाराष्ट्रात आहे, निपाणी कर्नाटकात. सीमावादाच्या नकाशावर ही गावं एकमेकांसमोर उभी केली जातात. आपल्या इतिहासात ती एकाच रस्त्यावरची ठाणी आहेत.

आणि १९७३ च्या त्या मारहाणीतून काय उभं राहिलं, तेही बघा. त्याच दशकात भद्रावतीचे कन्नडचे प्राध्यापक बी. कृष्णप्पा यांच्या पुढाकाराने दलित संघर्ष समिती उभी राहिली. तेव्हा बंगळुरूत शिकत असलेले सिद्धलिंगय्या १९७५ साली 'होलेमादिगर हाडु' घेऊन आले. पुढे त्यांनी आत्मकथन लिहिलं, 'ऊरु केरी'. ऊरु म्हणजे गाव, केरी म्हणजे आपली वस्ती. हे नाव मराठी दलित वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. देवनूर महादेव यांनी 'कुसुमबाळे' आपल्या भागातल्या बोलीत लिहिली, जी शहरी कन्नड वाचकांनाही अवघड गेली. त्यांनीच २०१० साली नृपतुंग पुरस्कार नाकारला, कारण कन्नड अजून शिक्षणाचं माध्यम झालेली नाही. ज्या भाषेच्या नावाने दलितांवर हात उगारला गेला, त्या भाषेवरचा हक्क या माणसांनी सोडला नाही. उलट तिला जास्त श्रीमंत केलं. आपल्याकडे हेच काम अण्णा भाऊंनी, बाबूराव बागुलांनी, नामदेव ढसाळांनी केलं. प्रादेशिक अभिमानाचे मोर्चे काढणाऱ्यांनी मराठीला एक शब्द दिला असेल, तर यांनी शंभर दिले.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं. भाषा आपली आहे, ती कुणाच्या परवानगीने आपली झालेली नाही. पण तिच्यासाठी पहारा द्यायला बोलावणारा माणूस घरात घेतो का, जेवायला बसवतो का, भाड्याने खोली देताना आडनाव विचारतो का, हे बघूनच त्याच्याबरोबर जायचं.

काही कामं आपण आजपासून करू शकतो. पहिलं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करा आणि रेकॉर्ड करा. गी पॉयटवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, त्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. त्या कुणी विचारल्या म्हणून राहिल्या. तुमच्या आजीला अजून कुणी विचारलेलं नाही. दुसरं, तिची बोली ऑफिसात, सेमिनारमध्ये लाजून टाकू नका. 'शुद्ध' मराठी शिका, लागते ती. पण घरची मराठी अशुद्ध आहे हे मान्य करू नका. तिसरं, कन्नड शिका. दुकानाची पाटी वाचण्यापुरती नको, 'ऊरु केरी' मूळ वाचता येईल इतकी शिका. इथल्या केरीतल्या मुलाला तुमच्या वस्तीची गोष्ट त्याच्या भाषेत सांगता येईल इतकी शिका. त्याच्या आणि तुमच्यामध्ये राज्याची हद्द आहे, पण गावकूस दोघांनाही एकच लागलं होतं.

पुढच्या महिन्यात आपण इथे प्रत्येकाने घरून आणलेलं एक रेकॉर्डिंग ऐकणार आहोत. ओवी असो, भीमगीत असो, जाळपोळीची आठवण असो की पहिल्यांदा शाळेत गेल्याची. कुणाकडे काहीच नसेल, तर त्याने आज रात्री घरी फोन करावा.

जयभीम.