सड्यावरची नखाएवढी फुलपाखरे

पेडणे तालुक्यातील मोपा म्हटले की आज विमानतळच आठवतो. ५ जानेवारी २०२३ रोजी तेथून प्रवासी विमाने उडू लागली. परंतु ज्या जांभ्या दगडाच्या सड्यावर तो उभा आहे, तसल्या सड्यांवर पाऊस सरताच आणखी एक उड्डाण चालू असते. ते गुडघ्याच्या वर क्वचितच जाते.

नील कुळातील ही फुलपाखरे बहुधा नखाएवढीच. ती पंख मिटून बसतात. म्हणून ओळख पटते ती पंखांच्या खालच्या बाजूवरील ठिपक्यांवरून. छायाचित्रकाराने कोवळ्या उन्हात, आपली सावली पडू न देता, जमिनीलगत सरकत जावे आणि कॅमेरा मिटल्या पंखांना समांतर धरावा. काहींच्या मागील पंखांवर डोळ्यासारखे ठिपके व मिशांसारखी शेपटे असतात. पक्षी त्यालाच डोके समजून चोच मारतो आणि फुलपाखरू पंखाचा तुकडा गमावून जीव वाचविते. कित्येकांच्या अळ्या मधुर रस देतात. त्या मोबदल्यात मुंग्या त्यांची राखण करतात.

उघडा सडा निकामी, अशी समजूत सहज होते. स्थळ व दिनांक नोंदविलेले एक स्वच्छ छायाचित्र हे तिला उत्तर होय. मात्र सडा नाहीसा झाल्यावर ते घेता येत नाही.