फाल्गुन-चैत्रातील वार्ताफलक
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



फाल्गुन लागला की खेड्यातील शाळेचे रूप पालटू लागते. माळावरचा पळस पाने गाळून फुलांनी पेटतो. ज्वारीची काढणी, हरभऱ्याची मळणी सुरू होते. ऊन वाढले म्हणजे शाळा सकाळची होते. त्याच सुमारास वार्षिक परीक्षा, निकालपत्रके व नव्या वर्षाची पटनोंदणी ही कामे शिक्षकापुढे येऊन उभी राहतात. मुलांचे मन शिवारात आणि गुरुजींचे मन तक्त्यांत, अशी ओढाताण दोन शिक्षकी शाळेत विशेष जाणवते. या दिवसांत वर्गातील शिक्षण जिवंत ठेवण्याचे एक साधे साधन शाळेच्या भिंतीवरच असते. ते म्हणजे वार्ताफलक.

वार्ताफलक बहुतेक शाळांत असतो. परंतु पुष्कळदा त्यावर वृत्तपत्रातील मथळेच उतरविलेले दिसतात. राजधानीची बातमी फलकावर येते आणि कुंपणाजवळची काटेसावर फुलली, याची नोंद राहून जाते. दुसऱ्याने लिहिलेले वाक्य नकलून घेण्यात हाताला श्रम होतात. बुद्धीला होत नाहीत. म्हणून फाल्गुन-चैत्रापुरता तरी हा फलक मुलांच्या स्वाधीन करावा.

याची रीत अवघड नाही. परिपाठ झाल्यावर दहा मिनिटे ठेवावीत. ‘काल काय पाहिले?’ एवढेच विचारावे. कोणी म्हणेल, ‘आमची म्हैस व्याली.’ कोणी सांगेल, ‘पळसावर मैना येतात.’ यांतील एक-दोन बातम्या मुलांनीच निवडाव्यात. शिक्षकाने त्या सांगणाऱ्याच्या शब्दांत फलकावर लिहाव्यात. पहिलीच्या मुलांनी चित्र काढावे, दुसरीच्यांनी वाक्य वाचून उतरवावे, तिसरी-चौथीच्यांनी केव्हा, कोठे, किती हे विचारून बातमी पुरी करावी. एकाच फलकावर चारही वर्गांना काम मिळते. द्विशिक्षकी शाळेस हा मोठाच आधार होय.

बातमीला एक कसोटी मात्र लावावी: ‘हे पाहिले की ऐकले?’ पाहिलेले व ऐकलेले यांतील भेद कळणे, हा विज्ञानाचा पहिला धडा आहे. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण सर्वांना ठाऊक असते. नवी पालवी फुटली की मुलांनी ती प्रत्यक्ष पडताळून पाहावी. एका देठावर तीन पर्णिका मिळून पळसाचे एक पान होते, हे त्यांना डोळ्यांनी दिसेल. २० किंवा २१ मार्चला दिवस व रात्र जवळजवळ समान असतात. त्या दिवशी जमिनीवर १०० सेंटिमीटर उंच राहील अशी सरळ काठी रोवून दुपारची सर्वांत आखूड सावली मोजावी. शाळा सकाळची असल्यास हे काम घरच्या अंगणात व्हावे. १९ अंश उत्तर अक्षांशाजवळच्या गावी ती सुमारे ३४ सेंटिमीटर भरते. दर आठवड्याची नोंद फलकावर ठेवली, तर सावली आखडत जाताना दिसते. मेच्या मध्याला ती एका दुपारी क्षणभर नाहीशी होते. ही शेवटची नोंद सुट्टीत मुले आपण होऊन घेतील.

परंतु या फलकाचा खरा उपयोग आणखी वेगळ्या ठिकाणी आहे. बीड, जालना यांसारख्या जिल्ह्यांतील कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि कारखान्यांचे गाळप संपले म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये परततात. हंगामी वसतिगृह व शिक्षण हमी पत्रक या सोयी असूनही काही मुले आईबापांबरोबर जातात आणि त्यांचे शिक्षण तुटते. असे मूल परीक्षेच्या तोंडावर वर्गात येते आणि मागच्या भिंतीला टेकून बसते. सोबत्यांचे पुस्तक पुढे गेलेले असते. त्याला विचारलेला प्रत्येक प्रश्न त्याच्या न येण्याचीच परीक्षा घेतो. काही दिवसांनी ते मूल येईनासे होते आणि त्याची अनुपस्थिती कोणाच्या फारशी लक्षातही येत नाही.

अशा मुलापुढे फलक ठेवावा. वाढे म्हणजे काय, पाचट कशाला म्हणतात, मोळी कशी बांधतात, हे वर्गात त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. त्याने ‘मोळी बांधाया पाचट लागतं’ असे सांगितले, तर प्रथम तसेच लिहावे. प्रमाणभाषेतील रूप शेजारी नंतर लिहिता येते. ते वाक्य त्याचे स्वतःचे असते. अक्षरे अनोळखी असली तरी अर्थ ओळखीचा असतो आणि अर्थाचे बोट धरून अक्षर लवकर ओळखीचे होते. दुसऱ्या दिवशी त्यानेच ते वाक्य वर्गाला वाचून दाखवावे. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक बालकास समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट ठरविले. त्या उद्दिष्टाकडे जाणारी एक पायवाट येथून निघते.

येथे एक पथ्य पाळावे. मुलाच्या कष्टांचे प्रदर्शन होऊ नये. घरची उचल किती, कोपीत काय खाल्ले, असे प्रश्न फलकासाठी नाहीत. त्याला जे सांगावेसे वाटेल तेवढेच लिहावे. आणि सांगावेसे वाटले नाही, तर सावली मोजण्याची काठी त्याच्या हाती द्यावी.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी भागात कुरणशाळेचा प्रयोग केला. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, म्हणून शाळाच कुरणावर गेली. प्रत्येक शाळेला असे जाता येणार नाही. परंतु मुलाचे कुरण, मुलाचे शेत, मुलाचा फड शाळेच्या भिंतीवर आणणे प्रत्येक शिक्षकाला शक्य आहे. त्यास निधी लागत नाही; खडू लागतो आणि ऐकून घेण्याची तयारी लागते.

गुढीपाडव्याच्या सुमारास आपण घरोघर जाऊन नव्या मुलांची नावे नोंदवितो. ते कार्य योग्यच आहे. त्याबरोबर पटावर नाव असूनही मागच्या भिंतीशी बसलेल्या मुलाकडे लक्ष जावे. फलकावरील उद्याचे पहिले वाक्य त्याचे असू द्यावे.